४ नव्हे, ४.००१६

हायड्रोजन भरलेल्या काचेच्या नळीतून वीज सोडली की गुलाबी उजेड पडतो. हा उजेड लोलकातून नेला तर इंद्रधनुष्यासारखा सलग पट्टा उमटत नाही. सुट्या चार रेषा दिसतात: एक लाल, एक हिरवट निळी, दोन जांभळ्या. त्यांच्या तरंगलांबी ६५६.३, ४८६.१, ४३४.० आणि ४१०.२ नॅनोमीटर. बाझेलच्या मुलींच्या शाळेत शिकवणारे योहान बाल्मर यांनी १८८५ मध्ये, वयाच्या साठीत, दाखवून दिलं की ३६४.५६ ला ९/५, १६/१२, २५/२१ आणि ३६/३२ यांनी गुणलं की हे चारही आकडे मिळतात. वर ३, ४, ५, ६ यांचे वर्ग, खाली त्यातून ४ वजा. असं का, हे पुढची २८ वर्षं कोणालाही सांगता आलं नाही.

ते सांगितलं नील्स बोर यांनी. सूत्र प्रसिद्ध झालं त्याच वर्षी त्यांचा जन्म झाला होता! रदरफर्ड यांनी १९११ मध्ये अणूच्या मध्यभागी जड केंद्र बसवलं, पण तेव्हाच्या भौतिकशास्त्राप्रमाणे त्याभोवती फिरणारा इलेक्ट्रॉन प्रकाश फेकत सेकंदाच्या अब्जांशाहूनही कमी वेळात केंद्रात कोसळायला हवा होता. १९१३ च्या सुरुवातीला हॅन्सन या सहकाऱ्याने बोर यांचं लक्ष बाल्मर यांच्या सूत्राकडे वेधलं आणि कोडं उलगडू लागलं. बोर यांचं म्हणणं असं: इलेक्ट्रॉनला ठरावीक कक्षाच मोकळ्या आहेत आणि तिथे असेपर्यंत तो प्रकाश फेकत नाही. वरच्या कक्षेतून खालच्या कक्षेत उडी मारली की मधला ऊर्जेचा फरक प्रकाश होऊन बाहेर पडतो. तिसऱ्या कक्षेतून दुसऱ्या कक्षेत आला की लाल रेषा, चौथीतून दुसरीत आला की हिरवट निळी. सूत्रातला स्थिरांक त्यांनी इलेक्ट्रॉनचा विद्युतभार, वस्तुमान आणि प्लांक यांचा स्थिरांक एवढ्यावरून काढला. हस्तलिखित वाचून रदरफर्ड यांनी अगदी मर्मावर बोट ठेवलं: कुठे जाऊन थांबायचं, हे इलेक्ट्रॉनला आधीच कसं कळतं? याचं उत्तर बोर यांच्याकडे नव्हतं.

तरीही बोर यांचं प्रतिमान टिकलं. त्याचं श्रेय हायड्रोजनइतकंच, माझ्या मते त्याहून जास्त, हेलियमला आहे. माहीत असलेले आकडे जुळवणं ही काही कठोर परीक्षा नव्हे. कठोर परीक्षा पुढे आली.

झीटा पपिस या ताऱ्याच्या वर्णपटात पिकरिंग या खगोलशास्त्रज्ञांना १८९६ मध्ये काही अनोळखी रेषा सापडल्या होत्या. बाल्मरच्या सूत्रात पूर्णांकांऐवजी अडीच, साडेतीन घातले की त्या बसत, म्हणून त्या हायड्रोजनच्या मानल्या गेल्या. १९१२ मध्ये लंडनच्या आल्फ्रेड फाउलर यांना हायड्रोजन आणि हेलियमच्या मिश्रणात तसल्याच रेषा मिळाल्या. बोर यांच्या प्रतिमानात अर्ध्या कक्षेला जागाच नाही. त्यांनी ठामपणे सांगितलं, या रेषा एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या हेलियमच्या आहेत. त्याच्या केंद्राचा विद्युतभार दुप्पट, म्हणून स्थिरांक चौपट, आणि अर्धे आपोआप नाहीसे होतात. मँचेस्टरला इव्हान्स यांनी हायड्रोजनची एकही रेषा दिसणार नाही इतका शुद्ध हेलियम वापरला, तरी रेषा आल्याच.

फाउलर मात्र मोजमापात फार काटेकोर. त्यांनी ‘नेचर’मध्ये आक्षेप घेतला की हेलियम आणि हायड्रोजन यांच्या स्थिरांकांचं गुणोत्तर ४ येत नाही, ४.००१६ येतं. वर्णपटशास्त्रात एवढा फरक दुर्लक्षिण्याजोगा नसतो.

बोर यांचं उत्तर मला या साऱ्या कथेतलं सर्वांत सुंदर पान वाटतं. त्यांनी आधी केंद्र जागचं हलत नाही असं सोपेपणासाठी धरलं होतं. पण फुगडीत लहान मुलीबरोबर मोठी बाईही थोडी फिरतेच. तसं केंद्रही थोडं हलतं. हायड्रोजनचं केंद्र इलेक्ट्रॉनच्या सुमारे १८३६ पट जड, हेलियमचं त्याच्याही जवळपास चौपट, म्हणून ते कमी हलतं. हा फरक धरून हिशेब केला की गुणोत्तर येतं ४.००१६३. आक्षेपाचाच आकडा पुरावा ठरला. व्हिएन्नामध्ये बोर यांचे मित्र हेवेशी यांनी हेलियमची बातमी सांगितली तेव्हा आइन्स्टाइन थक्क झाले.

प्रतिमान पुढे फार धावलं नाही. १९१६ मध्ये सोमरफेल्ड यांनी लंबवर्तुळाकार कक्षा आणि सापेक्षता आणून रेषांमधले सूक्ष्म फाटे समजावले, पण दोन्ही इलेक्ट्रॉन असलेल्या साध्या हेलियमपुढे सगळे हिशेब अडले. १९२५-२६ मध्ये हायझेनबर्ग आणि श्रोडिंगर यांच्या सिद्धांतांनी कक्षा पुसून टाकल्या. हायड्रोजनच्या ऊर्जापातळ्या आणि केंद्राच्या हालचालीची दुरुस्ती मात्र तशीच राहिली. १९३१ मध्ये हॅरोल्ड युरी आणि सहकाऱ्यांनी तिचाच आधार घेऊन, केंद्र दुप्पट जड असेल तर हायड्रोजनची लाल रेषा सुमारे ०.१८ नॅनोमीटरने सरकेल असं गणित मांडलं आणि तिथे खरोखरच एक फिकट रेषा सापडली. ती ड्यूटेरियमची, म्हणजे जड हायड्रोजनची होती.