अर्धा डोस आणि इसबगोल

दिल्लीच्या ‘एम्स’मधील डॉ. एस. सी. मनचंदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. हृदयाच्या धमन्यांत अडथळे असल्याचे अँजिओग्राफीत दिसलेल्या ४२ पुरुषांचे त्यात दोन गट केले होते. एकावर नेहमीचे उपचार झाले. दुसऱ्याने वर्षभर योग, आहारनियमन आणि बेताचा व्यायाम पाळला. वर्षअखेरीस दुसऱ्या गटाचे एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, जास्त उतरले होते. अँजिओप्लास्टी किंवा बायपासची पाळी पहिल्या गटात आठ जणांवर आली, दुसऱ्यात फक्त एकावर. असे आकडे वाचले की कोलेस्टेरॉलच्या गोळ्या बंद करण्याचा मोह होतो, आणि तो आवरायलाच हवा. ४२ माणसे फार थोडी. शिवाय सगळे उपाय एकत्र दिल्यावर कशाने किती काम केले हे वेगळे काढता येत नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘योग-केअर’ चाचणीत देशभरातल्या २४ केंद्रांतले ३,९५९ रुग्ण होते, सगळे हृदयविकाराच्या झटक्यातून सावरणारे. योग करणाऱ्यांना आपली प्रकृती अधिक बरी वाटली, पण मृत्यू, पुन्हा झटका, पक्षाघात यांत ठाम फरक दिसला नाही.

म्हणून काही आहार निरुपयोगी ठरत नाही. कोलेस्टेरॉल बहुतांशी शरीरच बनवते, मग ताट बदलून काय होणार, असा आक्षेप हमखास येतो. तो अर्धाच खरा आहे. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले बनवते. ती आतड्यात उतरतात आणि बहुतेक सगळी पुन्हा शोषली जाऊन यकृतात परततात. इसबगोल, ओट्स, जव, भेंडी यांतले बुळबुळीत तंतू त्यांतली काही अडकवून शौचावाटे बाहेर नेतात. ही तूट भरायला यकृत रक्तातले एलडीएल ओढून घेते. टोरंटोच्या डेव्हिड जेन्किन्स यांनी २००३ मध्ये असे तंतू, सोया, बदाम आणि वनस्पतिज स्टेरॉल एकत्र देऊन महिन्याभरात एलडीएल सुमारे २९ टक्क्यांनी उतरवले. लोव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉल उतरवणारी, स्टॅटिन गटातली गोळी घेणाऱ्यांचे सुमारे ३१ टक्क्यांनी उतरले. त्या आहारात भेंडी आणि वांगीही होती! पण ते आहाराचे काटेकोर नियमन होते. २०११ च्या चाचणीत लोक केवळ सल्ल्यावर, आपापल्या घरी जेवले, तेव्हा सहा महिन्यांतली घट १३-१४ टक्क्यांवर आली. नोएडा-गुरुग्रामच्या नोकरदाराने याहून मोठी आशा धरू नये.

हे १३ टक्के किरकोळ वाटतात. स्टॅटिनच्या हिशेबात मात्र ते भरघोस आहेत, कारण स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तरी एलडीएल आणखी जेमतेम सहा टक्केच उतरते. पहिली छोटी गोळी बहुतेक काम करून जाते. पुढचा प्रत्येक वाढीव डोस थोडे देतो, आणि स्नायूदुखी व मधुमेहाचा धोका मात्र डोसाबरोबर वाढतो. २००५ मध्ये अमेरिकेत ६८ जणांवर झालेल्या चाचणीत १० मिलिग्रॅम सिम्व्हास्टॅटिनसोबत रोज १५ ग्रॅम इसबगोल दिले, तर एलडीएल २० मिलिग्रॅमच्या गोळीइतकेच घटले. औषधावरचा भार हलका करण्याची खरी जागा मला इथे दिसते: वाढीव डोसाचे काम ताटाकडे द्यावे, मूळ गोळी हिरावून घेऊ नये.

अर्थात हे सर्वांना सारखे लागू नाही. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत कमी जोखमीच्या व्यक्तीसाठी एलडीएल (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये) १०० च्या खाली, तर झटका येऊन गेलेल्यासाठी ५५ च्या खाली असावे असे म्हटले आहे. ज्याचे एलडीएल १३० आहे, मधुमेह नाही, रक्तदाब ठीक आहे, धूम्रपान नाही, त्याने आधी आहार पुरेसा वेळ आजमावावा आणि गोळीचा निर्णय डॉक्टरांबरोबर नंतर घ्यावा, हे पूर्णपणे शहाणपणाचे. स्टेंट बसवलेल्या माणसाने त्याच भरवशावर गोळी थांबवणे घातक आहे. आनुवंशिक दोषामुळे तरुणपणीच एलडीएल १९० च्या पुढे असलेल्यांनाही केवळ आहार पुरत नाही. बाकीच्यांनी इसबगोल भरपूर पाण्याबरोबर आणि इतर औषधांपासून दोनेक तासांच्या अंतराने घ्यावे, तुपाची फोडणी आणि भटुरे आवरावेत, आणि दोन महिन्यांनी आधीच्याच प्रयोगशाळेत पुन्हा तपासणी करावी. गोळीचा डोस कमी करायचा का, हे त्या अहवालावरून डॉक्टरांना ठरवता येईल.