खेचरांवरून डोंगर चढलेल्या तोफा

डोंगरी तोफखान्याची सारी रचना एका अडचणीतून घडली: चाकाची वाट जिथे संपते, तिथून तोफ पुढे न्यायची कशी? मैदानी तोफ घोडे किंवा ट्रक ओढत. डोंगरी तोफ सुटी करून खेचरांवर लादावी लागे, त्यामुळे तिचा प्रत्येक भाग एका जनावराला पेलेल इतकाच जड ठेवत. एकोणिसाव्या शतकातल्या अडीच इंची तोफेची नळी दोन तुकड्यांची होती, एकेक तुकडा सुमारे ९० किलोचा. माऱ्याच्या जागी पोहोचल्यावर गोलंदाज हे तुकडे आट्यांनी घट्ट जोडत आणि नळी तोफगाड्यावर चढवत. पुढे पहिल्या महायुद्धात आलेल्या ३.७ इंची हॉवित्झरला आठ खेचरे लागत.

१८५७ नंतर इंग्रजांनी हिंदी शिपायांच्या हातून तोफा काढून घेतल्या. मोजके अपवाद सोडले, तर डोंगरी बॅटऱ्या तेवढ्या त्यांच्याकडे राहिल्या. १९३५ मध्ये पहिली भारतीय मैदानी तुकडी उभी राहीपर्यंत हिंदी शिपायांमधले तोफा चालवण्याचे कसब जिवंत राहिले ते प्रामुख्याने या बॅटऱ्यांमुळे, आणि हे ऋण फार मोठे आहे. २८ सप्टेंबर १८२७ रोजी मुंबई इलाख्याच्या फौजेत उभी राहिलेली बॉम्बे माउंटन बॅटरी त्यांच्यातलीच. तिचा स्थापनादिन भारतीय तोफखाना आजही ‘गनर्स डे’ म्हणून पाळतो.

आज तोफखान्याच्या रेजिमेंटमध्ये साधारणपणे तीन बॅटऱ्या आणि बॅटरीत सहा तोफा असतात. १९६२ च्या युद्धानंतर उभारलेल्या माउंटन डिव्हिजनमध्ये अशा रेजिमेंटा डिव्हिजनच्या तोफखाना ब्रिगेडखाली येतात आणि पायदळाला साथ देतात. तोफ डोंगराआड असते, तिथून लक्ष्य दिसत नाही. म्हणून तोफखान्याचा एक अधिकारी पायदळाबरोबर चढतो आणि गोळा कुठे पडला, किती सरकवायचा, हे वायरलेसवर कळवतो. गोळा मधला कडा ओलांडून पलीकडच्या उतारावर पडावा, यासाठी नळी बरीच उंच रोखावी लागते. शिवाय उंचीवर हवा विरळ असल्याने गोळा लांब जातो. सपाटीवरचा हिशेब तिथे चुकतो.

हा हिशेब शिकवणारे देवळालीचे स्कूल ऑफ आर्टिलरी नाशिक जिल्ह्यात आहे. तिथेच ९ नोव्हेंबर २०१८ रोजी एम-७७७ हॉवित्झर लष्करात दाखल झाली. टायटॅनियममुळे या १५५ मिलिमीटर तोफेचे वजन सुमारे ४,२०० किलोंवर आले आहे, त्यामुळे चिनूक हेलिकॉप्टर ती अखंड उचलून नेते. खेचरे अजूनही लष्करात आहेत. रस्ता नसलेल्या चौक्यांवर ती रसद पोहोचवतात.