भामरागडची वाट आणि मलेरिया

पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडचा संपर्क तुटतो. दिवाळीच्या सुमारास वाट मोकळी होते, डोंगर अजून हिरवे असतात आणि पाठीवर सॅक टाकून निघायचा मोह होतो. वनविभागाची परवानगी, गावातला वाटाड्या, अंधाराआधी मुक्काम हे सारे हवेच. पण तयारीत सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते मलेरियाकडे, आणि राज्यात या आजाराचा मोठा भार गडचिरोलीवर आहे.

पाऊस ओसरला की ओढे संथ होतात. काठच्या नितळ पाण्यात वाकून पाहा. पृष्ठभागाला समांतर, आडव्या पडलेल्या बारीक अळ्या दिसल्या तर त्या मलेरिया पसरवणाऱ्या ॲनाफिलीस डासाच्या. क्युलेक्स या दुसऱ्या डासाची अळी शेपटाकडच्या श्वासनळीने हवा घेत तिरकी लटकते. ॲनाफिलीसला ती नळीच नसते. म्हणून तंबू ओढ्यालगत नको. हा डास रात्री चावतो, त्यामुळे कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी सॅकमध्ये हवीच, मग एखादा कपडा कमी झाला तरी चालेल.

प्रतिबंधक गोळ्यांबद्दल निघण्याआधीच डॉक्टरांना विचारा. डॉक्सिसायक्लिन परतल्यावरही ४ आठवडे घ्यावी लागते, कारण यकृतात दडलेले परजीवी नंतर रक्तात उतरतात.

फाल्सिपेरम या मलेरियाच्या प्रकाराचा ताप साधारणतः डास चावल्यावर ७ ते १४ दिवसांनी येतो. तोवर तुम्ही पुण्या-मुंबईला कामावर रुजू झालेले असता आणि ताप ‘व्हायरल’ वाटतो. बाधित रक्तपेशी मेंदूतल्या सूक्ष्म वाहिन्यांना चिकटल्या तर जीवावर बेतते. तेव्हा ताप आला त्याच दिवशी रक्त तपासून घ्या आणि गडचिरोलीच्या जंगलात राहून आलो, हे डॉक्टरांना आधी सांगा.