पोतं उचलताना कंबर कशी वाचवाल? जोरापेक्षा पद्धत आणि जोडीदार महत्त्वाचा

सुगी सोयाबीनची असो की हरभऱ्याची, बाजार समितीत, गोदामात आणि शेतकऱ्याच्या दारात पोती चढवण्या-उतरवण्याचं काम थांबत नाही. हमाली पोत्यामागे मिळते, म्हणून घाई होते. कंबर धरते ती बहुतेकदा याच घाईत. मग रोज बुडतो आणि दवाखान्याचा खर्च वेगळाच.

ताण नेमका कुठे येतो?

पाण्याने भरलेली बादली अंगाजवळ धरा, मग तीच हात लांब करून धरून बघा. पाणी तेवढंच, पण बादली लगेच जड वाटते. पोत्याचंही तसंच. पाय सरळ ठेवून नुसतं कंबरेत वाकलं की ओझं अंगापासून लांब राहतं आणि मणक्यांमधल्या गाद्यांवर दाब वाढतो. त्यात कंबर पिळली, की गादी सरकण्याचा धोका असतो.

उचलताना हे करा

- आधी पोत्याचा कोपरा उचलून वजनाचा अंदाज घ्या. जायची वाट मोकळी आहे ना, तेही बघा.
- पोत्याच्या अगदी जवळ उभे राहा. पाय फाकवून एक पाय थोडा पुढे ठेवा.
- गुडघ्यात वाका, पाठ ताठ ठेवा, पोतं अंगाशी घट्ट धरा आणि पायांच्या जोरावर उठा. झटका देऊ नका.
- वळायचं असेल तर कंबर पिळू नका, पाय फिरवून वळा.
- खाली ठेवतानाही गुडघ्यातच वाका.

फक्त पद्धत पुरत नाही

अमेरिकेतली 'नायॉश' ही कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी सरकारी संस्था आहे. सगळी परिस्थिती अनुकूल असली तरी एकट्याने उचलायच्या ओझ्याची तिने सुचवलेली मर्यादा २३ किलो आहे. आपल्याकडे युरियाची गोणी ४५ किलोची आणि सिमेंटची ५० किलोची. म्हणजे कितीही नीट उचललं तरी एका माणसाला हे ओझं जादाच आहे. कंबरेला पट्टा किंवा पंचा आवळला म्हणून इजा टळते, असंही नाही.

म्हणून व्यापारी, मुकादम आणि शेतकरी यांनीही हातभार लावायला हवा. पोतं उचलायला दोन माणसं द्या, हातगाडी ठेवा. घरचा माल भरताना पोती लहान भरा. थप्पी जमिनीवर लावण्यापेक्षा ओट्यावर किंवा फळ्यांवर लावली, तर कमी वाकावं लागतं.

दुखणं अंगावर काढू नका

कळ पायात उतरत असेल किंवा पायाला मुंग्या येत असतील, तर ओझं उचलणं थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. पायातली ताकद गेली, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा. तिथे चोळून, मालिश करून वेळ घालवणं महागात पडू शकतं.