बंदराची वाट आंबीतून

मावळातल्या आंबीतून समुद्र दिसत नाही. तरी या इंद्रायणीकाठच्या गावाशेजारच्या एमआयडीसीतून निघालेला कंटेनरचा ट्रेलर मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाला लागतो, बोरघाट उतरतो आणि साधारण शंभर किलोमीटरवर न्हावा-शेवा बंदराच्या फाटकाशी पोचतो.

ही वाट जुनी आहे. जवळच्या कार्ल्याच्या चैत्यगृहात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या दानलेखांत यवन, म्हणजे पश्चिमेकडच्या परदेशी, दात्यांची नावे आढळतात, सोपाऱ्याच्या दात्याचाही उल्लेख येतो. सोपारा म्हणजे तेव्हाचे गजबजलेले बंदर. घाटावरचा माल कोकणात उतरायचा तो याच डोंगररांगेतून.

न्हावा-शेवा 26 मे 1989 रोजी सुरू झाले, मुंबई बंदरावरचा ताण कमी करण्यासाठी. आज कंटेनर ही त्याची मुख्य ओळख. सोबत द्रव मालासाठी वेगळे टर्मिनल आणि लहान जहाजांसाठी उथळ पाण्याचा धक्काही आहे. 2024-25 मध्ये इथून वीस फुटी कंटेनरच्या हिशेबाने सुमारे 73 लाख कंटेनरांची ने-आण झाली.

एवढा पसारा चालतो तो रचनेच्या शिस्तीवर. निर्यातीचा कंटेनर बऱ्याचदा कारखान्यातच भरून सील होतो. फाटकावर त्याचा क्रमांक आणि सील तपासतात. यार्डात त्याची जागा ठरते ती जहाज, पुढचे बंदर आणि वजन पाहून. एक कंटेनर चुकीच्या थरात गेला, तर वरचे सगळे उचलून पुन्हा रचावे लागतात आणि धक्क्यावरचे जहाज खोळंबते. शिवाय बंदराच्या खाडीत गाळ सतत साचत असतो. म्हणून जहाजांचा मार्ग ड्रेजरने उपसून खोल ठेवावा लागतो.

बंदर जवळ असण्याचे मोल मावळाने पाहिले आहे. जनरल मोटर्सने 2017 अखेर भारतातली मोटारविक्री थांबवली, तरी तिचा आंबीजवळच्या तळेगावचा कारखाना डिसेंबर 2020 पर्यंत केवळ निर्यातीवर चालला. तीन वर्षे इथल्या कामगारांच्या चुली परदेशी ग्राहकांमुळे पेटत राहिल्या.

या सोयीची किंमत मात्र किनाऱ्याने मोजली. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली बंदराच्या परिसरातले, उरणचे शेतकरी उभे राहिले. 16 आणि 17 जानेवारी 1984 च्या पोलीस गोळीबारात पाच जणांचा बळी गेला. याच लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे धोरण आले. बंदरासाठी हलवलेल्या शेवा कोळीवाड्याला जी नवी वसाहत मिळाली, तिथली घरे वाळवीने पोखरली.

आता पालघर जिल्ह्यात वाढवण बंदर उभे राहत आहे. 30 ऑगस्ट 2024 रोजी पायाभरणी झालेल्या या प्रकल्पाचा खर्च सुमारे 76 हजार कोटी रुपये. तिथे किनाऱ्याजवळच नैसर्गिक खोली वीस मीटरच्या आसपास असल्याने अवाढव्य जहाजेही लागू शकतील. मच्छीमारांचा विरोध आहे आणि त्यामागे न्हावा-शेव्याचा अनुभव आहे. त्यांच्या पुनर्वसनाचा हिशेब पहिले जहाज धक्क्याला लागण्याआधी चुकता व्हायला हवा.