सुरू होऊन लगेच बंद पडणारे इंजिन

चावी फिरवताच सुरू होणारे आणि काही क्षणांतच बंद पडणारे पेट्रोल इंजिन मुळीच सुरू न होणाऱ्या इंजिनापेक्षा निदानाला सोपे असते, कारण ते सुरू झाले याचाच अर्थ हवा, इंधन, ठिणगी आणि सिलिंडरमधील दाब या चारही गोष्टी क्षणभर का होईना जुळून आल्या होत्या. त्यांपैकी नंतर कोणती हुकली हे शोधायचे असते आणि त्याचा पहिला धागा इंजिन नेमके केव्हा बंद पडते, या निरीक्षणातच सापडतो.

एक भाग पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. परंतु थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नसल्याने इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक, म्हणजेच ईसीयू, सुरुवातीला अधिक पेट्रोल सोडतो. या जादा पेट्रोलाखाली काही दोष झाकले जातात आणि ते प्रमाण कमी होऊ लागताच उघडे पडतात.

इंजिन एक-दोन सेकंदांतच बंद पडत असेल, तर इमोबिलायझर आणि इंधनाचा दाब हे पहिले संशयित ठरतात. इमोबिलायझर ही चोरीविरोधी यंत्रणा असून चावीतील चिप ओळखता न आल्यास ती काही गाड्यांत सुरू झालेल्या इंजिनाचे इंधन तोडते. अशा वेळी डॅशबोर्डवरील तिचा दिवा सहसा लुकलुकतो. दुसरीकडे, बहुतेक गाड्यांत चावी ‘ऑन’ करताच टाकीतील फ्युएल पंप साधारण दोन सेकंद चालून नळीत दाब साठवतो आणि इंजिन फिरत असल्याचा संकेत मिळाल्यावरच पुढे चालू राहतो. पंप दुबळा झालेला असेल, फिल्टर तुंबलेला असेल किंवा पंपाचा रिले साथ देत नसेल, तर साठलेल्या दाबावर इंजिन सुरू होते आणि तो ओसरताच थांबते, म्हणून येथे दाबमापक लावणे हाच खात्रीचा मार्ग होय.

एक्सलरेटर दाबून धरला असता इंजिन चालते आणि पाय काढताच बंद पडते, असे असेल तर दोष बहुधा हवेच्या मार्गात असतो. पाय काढल्यावर इंजिन मिनिटाला साधारण ७०० ते ९०० फेऱ्यांच्या संथ गतीवर, म्हणजे ‘आयडलिंग’वर, चालते आणि त्या वेळी हवेचे नियमन करणारी थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते. उरलेल्या चिंचोळ्या फटीत काजळी साचली की इंजिनाचा श्वास कोंडतो. उलट, हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या पुढे एखादा रबरी पाइप चिरला असेल, तर न मोजलेली हवा आत शिरून मिश्रण विरळ होते.

इंजिन तापल्यावर बंद पडते आणि थंड झाल्यावर पुन्हा सुरू होते, तेव्हा क्रँकशाफ्टची स्थिती सांगणारा सेन्सर तपासावा लागतो, कारण तो उष्णतेने निकामी झाल्यास ईसीयूला ठिणगी आणि इंधन यांची वेळ कळेनाशी होते.

स्टिअरिंगखालील ओबीडी सॉकेटला स्कॅनर जोडल्यास दोषांचे संकेतांक मिळतात. मात्र संकेतांक हा निकाल नव्हे. ‘पी ०१७१’ हा संकेतांक मिश्रण विरळ असल्याचे सांगतो. त्याचे कारण फाटका पाइप आहे, मंद पंप आहे की मळलेला सेन्सर, हे सांगत नाही. त्याच्या आधारे सरळ सुटा भाग बदलल्यास खर्च होतो आणि दोष मात्र तसाच राहू शकतो.

चालत्या गाडीत इंजिन बंद पडल्यास पॉवर स्टिअरिंगचे आणि ब्रेकचे साहाय्य कमी होते, म्हणून अशी गाडी रस्त्यावर न चालवता टो करून नेणेच शहाणपणाचे. इंजिन थंड असताना बंद पडते की गरम असताना, किती सेकंदांनी पडते आणि त्या वेळी कोणते दिवे लागलेले असतात, याची नोंद वाहनधारकाने मेकॅनिकला द्यावी आणि कोणताही भाग बदलण्यापूर्वी प्रत्यक्ष मोजमापाचा आग्रह धरावा.