लॅपटॉप घ्यावा की दुकानातला संगणक पुरे?

बारावीचा निकाल लागला की मालेगावातील आपल्या घरांतून जेवणाच्या वेळी एक विषय हमखास निघतो. अभियांत्रिकीसाठी नाशिकला निघालेल्या मुलाने लॅपटॉप मागितला तर त्याच संध्याकाळी खरेदी होते. घरी राहून बी.कॉम. करणाऱ्या मुलीने मागितला तर उत्तर ठरलेले : "दुकानात संगणक आहे की!"

माझ्या पुतणीलाही हेच उत्तर मिळाले. ती कॅम्पातील महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे आणि सी.ए. फाउंडेशनची तयारी करते. त्या परीक्षेचे पहिले दोन विषय लेखी आणि उरलेले दोन बहुपर्यायी, म्हणजे परीक्षेपुरती लॅपटॉपची गरज नाही, हे तिच्या पप्पांचे म्हणणे चुकीचे नव्हते. तिने वाद घातला नाही. महिनाभर एका वहीत फक्त नोंद ठेवली : संगणकासमोर कधी बसले, कधी उठावे लागले.

वही वाचण्याजोगी होती. दहा-अकरा तारखेला जीएसटीआर-1 साठी मुनीमजी बसलेले. अठरापासून वीसपर्यंत 3-बी चे काम. संध्याकाळी गिऱ्हाईक, रात्री दुकान बंद. शिवाय टॅलीचा सराव करायचा तो पेढीच्या खऱ्या चोपड्यांत कसा? एक चुकीची नोंद पडली तर निस्तरणार कोण? महिन्यात नऊ वेळा ती अर्ध्यावरून उठली होती. परिग्रहाला मर्यादा हवी हे आपल्या घरांत सर्वांना पाठ असते. ती मर्यादा मुलीच्या मागणीपाशीच का आठवते, हे मात्र मला कळलेले नाही.

याचा अर्थ प्रत्येकाला पहिल्याच दिवशी यंत्र हवे असा नाही. अभियांत्रिकीच्या संगणक शाखेत ते आरंभापासून लागते. सिव्हिल आणि मेकॅनिकलमध्ये ऑटोकॅड चालवायचे तर 16 जीबी मेमरी असलेलेच घ्यावे; स्वस्तातले घेऊन वर्षभरात पुन्हा खर्च करण्यात व्यवहार नाही. सी.ए. करणाऱ्याची खरी निकड दोन वर्षांच्या आर्टिकलशिपमध्ये येते. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला 8 जीबीचे साधे यंत्र भागते. मात्र ते विंडोजचे असावे, कारण टॅली मॅकवर थेट चालत नाही. कला शाखेच्या मुलाने एखादे वर्ष थांबून पाहिले तर बिघडत नाही.

वही वाचून भाऊ काही बोलला नाही. चौदा तारखेला तिला घेऊन बाजारात गेला. बिल करताना मुनीमजींनी सुचवले, पेढीचा जीएसटी क्रमांक द्या, 18 टक्के वजावट मिळेल. सूचना प्रचलित आहे, पण कायद्याला धरून नाही : खासगी वापराच्या वस्तूवरील करजमा पेढीला घेता येत नाही. भावाने बिल मुलीच्या नावाने करायला सांगितले.

घरी येताच तिने टॅलीची मोफत शैक्षणिक आवृत्ती चढवली आणि पहिली नोंद या खरेदीचीच केली. त्या आवृत्तीत महिन्याच्या फक्त 1, 2 आणि 31 या तारखा चालतात. त्यामुळे चौदा तारखेचा लॅपटॉप तिच्या चोपडीत दोन तारखेला आलेला आहे. मुनीमजींना ते अजून खटकते.